रिव्हर्स लूप घरच्या घरी आपोआप कसा चालवायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोथरूडमधलं जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय १९९८ साली सुरू झालं. ते बघून आलेल्या कित्येकांनी घरी माळ्यावर, पलंगाखाली, गच्चीवरच्या खोलीत रूळ मांडले. आधी एक गोल होतो, मग एखादं सायडिंग, आणि मग कधीतरी वाटतं की गाडी वळून त्याच मार्गाने परत यावी, म्हणजे रिव्हर्स लूप. नेमका तिथे शॉर्ट होऊन कंट्रोलरचा लाल दिवा लागतो. खालची प्रश्नोत्तरं त्या लाल दिव्याच्या पुढची आहेत. तुम्हाला सोल्डरिंग येतं आणि मल्टिमीटर घरात आहे, एवढं धरून चाललो आहे.

वायरिंग बरोबर आहे, तरी लूप जोडला की शॉर्ट का होतो?

दोष वायरिंगचा नाही, भूमितीचा आहे. ट्रॅकचा एक रूळ धन, दुसरा ऋण. लूपमध्ये शिरताना जो डावा रूळ आहे त्यावर बोट ठेवून लूपभर फिरा. पॉइंटपाशी, म्हणजे मार्ग फुटतो त्या जागी, परत आलात की तोच रूळ सुरुवातीच्या उजव्या रुळाला भिडलेला दिसेल. पटत नसेल तर कागदावर दोन रंगांच्या पेनांनी लूप काढा. शेवटी दोन्ही रंग एकमेकांवर येतातच.

उपाय एकच आहे. लूपचा एक तुकडा दोन्ही टोकांना, दोन्ही रुळांवर काप देऊन विजेपुरता वेगळा करायचा, आणि गाडी त्या तुकड्यात असताना पोलॅरिटी बदलायची. ही बदलाबदल कोण करणार आणि केव्हा, एवढ्यासाठीच सगळी सर्किटं.

माझ्या लेआउटमध्ये लूप नाहीच. तरी शॉर्ट होतो. असं कसं?

लूप असतो, फक्त लूपसारखा दिसत नाही. गाडीचं तोंड फिरवून तिला त्याच मार्गावर आणणारी कोणतीही रचना रिव्हर्स लूपच. अंडाकृती मार्गाच्या मधून तिरपी ओळ टाकली की लूप होतो. टर्नटेबल अर्धा फिरवलं की त्याच्यावरही हाच प्रश्न येतो. आणि सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे त्रिकोण.

दौंडचं उदाहरण घ्या. पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीला दौंडला इंजिन एका टोकाहून दुसऱ्या टोकाला न्यावं लागायचं. ते टाळायला कॉर्ड लाइन झाली. पुण्याची लाइन, मनमाडची लाइन आणि त्यांना परस्पर जोडणारी कॉर्ड मिळून त्रिकोण होतो. हौसेने दौंड बनवायला घेतलंत आणि कॉर्डचा शेवटचा रूळ बसवलात की शॉर्ट झालाच. त्रिकोणाची एक बाजू, बहुधा कॉर्डच, कापून वेगळी करावी लागते.

बोरघाटाचं मात्र तसं नाही. १८६३ च्या मूळ घाटमार्गावर खंडाळ्याजवळ रिव्हर्सिंग स्टेशन होतं. गाडी तिथे थांबून उलट्या दिशेने पुढे निघायची. १९२९ मध्ये नवा मार्ग झाला आणि ते बंद पडलं. मॉडेलमध्ये ते बनवलं तर शॉर्ट होत नाही, कारण मार्ग स्वतःला परत येऊन मिळत नाही आणि डावा रूळ शेवटपर्यंत डावाच राहतो. नावात ‘रिव्हर्सिंग’ आहे म्हणून तिथे काप मारत बसू नका.

खऱ्या रेल्वेला हा त्रास का होत नाही?

तिथे वरची तार हे एक टोक आणि दोन्ही रूळ मिळून दुसरं टोक. डावा-उजवा हा भेद वीजपुरवठ्यात नाहीच. औष्णिक वीजकेंद्रांत कोळशाच्या गाड्या अख्खा लूप मारून परत जातात, पण कुणाला रिले लावावा लागत नाही. सिग्नलच्या ट्रॅक सर्किटसाठी मात्र खऱ्या रुळांतही इन्सुलेटेड जोड असतात. तेव्हा काप मारणं म्हणजे खऱ्या रेल्वेशी बेइमानी, असं कुणी म्हटलं तर मनावर घेऊ नका.

डीसी आणि डीसीसीमध्ये नेमकं काय वेगळं करायचं?

हा प्रश्न नीट समजला तर पुढचं निम्मं काम सोपं होतं.

डीसीमध्ये रुळाची पोलॅरिटीच गाडीची दिशा ठरवते. गाडी लूपमध्ये असताना लूप उलटवलात तर ती तिथल्या तिथे मागे पळू लागेल. म्हणून डीसीत लूप तसाच ठेवायचा आणि मुख्य मार्ग उलटवायचा. त्या वेळी मुख्य मार्गावर दुसरी गाडी नको, नाहीतर ती उलटी निघेल.

डीसीसीमध्ये, म्हणजे डिजिटल कमांड कंट्रोलमध्ये, दिशा इंजिनातल्या डिकोडरला मिळालेल्या आज्ञेवरून ठरते. रूळ उलटे झाले तरी इंजिनाला फरक पडत नाही. मुख्य मार्गावर इतर गाड्या, इतर लूप असतात, म्हणून तो स्थिर ठेवायचा आणि लूप उलटवायचा.

गंमत म्हणजे सर्किट दोन्हीकडे एकच चालतं. एक दुहेरी रिले (दोन तारा एकदम बदलणारा विजेवरचा स्विच), त्याला एका बाजूला ढकलणारा एक सेन्सर आणि दुसऱ्या बाजूला ढकलणारा दुसरा. रिलेच्या तारा मुख्य मार्गाला जोडल्या की डीसीचं काम झालं, लूपला जोडल्या की डीसीसीचं.

काप कुठे मारायचे आणि लूप किती लांब हवा?

चारही काप हवेत. एका टोकाचे दोन काप समोरासमोर मारा, मागेपुढे नकोत. ‘कॉमन रेल’ ठेवून एकाच रुळावर भागवायचा मोह होतो, पण इथे ते चालत नाही. दोन्ही रूळ सुटेच लागतात.

वेगळा केलेला तुकडा तुमच्या सर्वांत लांब गाडीपेक्षा लांब हवा. धातूची चाकं असलेला किंवा दिवे लावलेला डबा एका टोकाच्या कापावर आणि इंजिन दुसऱ्या टोकाच्या कापावर, असं एकाच वेळी झालं तर जगातलं कोणतंही सर्किट तुम्हाला वाचवणार नाही. प्लास्टिकची चाकं आणि बिनदिव्याचे डबे असतील तर इंजिनापुरता तुकडाही विजेच्या दृष्टीने पुरतो, पण पुढेमागे दिवे लावायची हुक्की येतेच. आधीच लांब ठेवा.

हिशेब असा. एचओ म्हणजे १:८७. एलएचबी डबा साधारण साडेतेवीस मीटरचा, म्हणजे मॉडेलमध्ये २७ सेंटीमीटर, कपलिंग धरून २८. सहा डबे आणि इंजिन मिळून १.९ मीटर. १८ इंची त्रिज्येचा पूर्ण गोल २.८७ मीटरचा असतो, म्हणजे लांबी पुरते. पण पूर्ण लांबीचे डबे एवढ्या वळणावर अवघडतात आणि बाहेर लोंबतात. २४ इंची त्रिज्या घ्या, ३.८३ मीटर मिळतात. सोळा डबे लावून डेक्कन क्वीन पळवायची असेल तर ती पावणेपाच मीटर होते आणि यातही मावत नाही. मग एक तर डबे कमी करा, नाहीतर बेडरूम सोडा.

काप नुसते मारून ठेवू नका. निकेल-सिल्व्हरचा एक मीटर रूळ ३० अंशांच्या फरकाने जवळजवळ अर्धा मिलिमीटर वाढतो. डिसेंबरातल्या पहाटे मारलेला बारीक काप एप्रिलच्या दुपारी गच्चीवरच्या पत्र्याखाली मिटतो, आणि ‘काल चालत होतं’ असा फोन येतो. प्लास्टिकचे जोडपट्टे वापरा किंवा कापात प्लास्टिकची चकती घालून अॅरल्डाइटने भरा. वाळल्यावर रुळाच्या आकाराला घासून घ्या.

साधा टॉगल स्विच पुरेसा नाही का?

पुरतो. सहा पिनांचा दुहेरी स्विच घ्यायचा, टोकाच्या पिना एकमेकींना तिरप्या जोडायच्या, झालं. ज्याला स्वतः गाडी चालवायला आवडतं त्याच्यासाठी हेच उत्तम. पण घरी पाहुणे आले, कुणीतरी चहा पुढे केला, लक्ष गेलं की गाडी कापावर जाऊन थांबते. आपोआपचा सगळा खटाटोप त्या चहासाठी आहे.

ब्रिज रेक्टिफायर लावला की काम होतं, असं ऐकलं. खरं का?

डीसीसाठी अर्धं खरं. ब्रिजच्या एसीच्या दोन पिना कंट्रोलरला आणि धन-ऋण पिना लूपला जोडायच्या. कंट्रोलर कसाही फिरवा, लूपची पोलॅरिटी एकच राहते आणि गाडी लूपमध्ये कायम एकाच दिशेने फिरते. ती आत असताना तुम्ही दिशा बदलता, मुख्य मार्ग उलटतो, आणि ती निमूट बाहेर येते.

कमतरता तीन आहेत. पहिली: दोन डायोडमध्ये मिळून साधारण १.४ व्होल्ट खर्च होतात, गाडी लूपमध्ये शिरताच मंदावते. मुख्य मार्गाच्या फीडमध्ये उलटसुलट जोडलेल्या डायोडच्या दोन जोड्या एकापाठोपाठ टाकल्या की तिथेही तेवढेच व्होल्ट जातात आणि वेग सारखा होतो. दुसरी: दिशेची गुंडी शून्यावरून जात असेल तर त्या क्षणी गाडी थबकते. तिसरी: मोटरच्या बॅक ईएमएफवरून (फिरणारी मोटर स्वतः तयार करते ते व्होल्टेज) वेग सांभाळणारा कंट्रोलर असेल तर ब्रिजमुळे त्याला मोटर दिसेनाशी होते आणि वेग खालीवर होऊ लागतो.

डायोड १एन४००७ नका घेऊ, तो एक अँपिअरचा. शॉर्टच्या वेळी टिकायला १एन५४०८ घ्या, तो तीन अँपिअरचा. पैशाचा फरक नगण्य आहे.

आणि मुळात हे आपोआप नाहीच. दिशा अजून तुम्हीच बदलताय.

मग खरोखर आपोआप चालणारं सगळ्यात साधं सर्किट कोणतं?

५५५. हा आयसी सिग्नेटिक्सने १९७२ साली बाजारात आणला आणि आजही कटिंग चहाच्या किमतीत मिळतो. टायमर म्हणून तो सगळ्यांना माहीत आहे, पण इथे त्याला टायमर म्हणून वापरायचंच नाही. दोनच अवस्था लक्षात ठेवणारा स्विच, म्हणजे बायस्टेबल, म्हणून वापरायचा.

पिन ८ ला १२ व्होल्ट, पिन १ ग्राउंड. पिन २ आणि पिन ४ प्रत्येकी १० किलोओहमच्या रेझिस्टरने १२ व्होल्टला. पिन ६ थेट ग्राउंडला. पिन ५ वरून ०.०१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ग्राउंडला. पिन ७ मोकळी. पहिला रीड स्विच (चुंबक जवळ आलं की मिटणारा) पिन २ आणि ग्राउंड यांच्यामध्ये, दुसरा पिन ४ आणि ग्राउंड यांच्यामध्ये. पिन ३ वरून १२ व्होल्टच्या दुहेरी रिलेची कॉइल ग्राउंडला आणि कॉइलवर उलटा १एन४००७. पहिला स्विच क्षणभर मिटला की रिले ओढला जातो आणि ओढलेलाच राहतो. दुसरा मिटला की सुटतो. आयसीच्या अगदी जवळ ०.१ आणि १०० मायक्रोफॅरडचे कपॅसिटर लावा, नाहीतर पॉइंटची कॉइल उडाली की हाही उडेल.

५५५ दोनशे मिलिअँपिअरपर्यंत देतो, त्यामुळे तीस-चाळीस मिलिअँपिअरचे दोन रिले समांतर सहज चालतात. दुसरा रिले पॉइंटसाठी लागणार आहे.

दोन टोकांना दोन लूप आणि मध्ये एकेरी मार्ग. डीसीवर गाडी अखंड चालेल?

चालेल, आणि वरचं एकच सर्किट त्यासाठी पुरतं. नवशिक्याने इथूनच सुरुवात करावी असं माझं मत आहे.

दोन्ही लूप कंट्रोलरला थेट जोडा, रिलेतून नाही. मधला मार्ग रिलेच्या संपर्कांतून जोडा, वरच्या टॉगलसारखीच तिरपी जोडणी. पहिला सेन्सर पहिल्या लूपमध्ये, दुसरा दुसऱ्या लूपमध्ये. गाडी पहिल्या लूपमध्ये पूर्ण शिरून सेन्सरवर आली की रिले मधला मार्ग उलटवतो. गाडी बाहेर पडते, दुसऱ्या लूपमध्ये जाते, तिथला सेन्सर मार्ग परत सुलटवतो. लूपची पोलॅरिटी कधीच बदलत नाही, गाडीला आत असताना काहीच कळत नाही, आणि ब्रिजही लागत नाही.

पॉइंटही याच रिलेने हलवा. पहिला सेन्सर लागला की पहिल्या लूपचा पॉइंट बाहेर जायच्या बाजूला, दुसऱ्याचा आत यायच्या बाजूला. दुसरा लागला की बरोबर उलट. स्टॉल मोटर (टोकाला अडली तरी चालू राहणारी) किंवा सर्वो असेल तर फारच सोपं.

सेन्सरची जागा मात्र मोजून ठरवा. आत शिरायच्या कापापासून सेन्सरपर्यंत अख्खी गाडी मावली पाहिजे, आणि सेन्सरपासून बाहेरच्या कापापर्यंत निदान एका इंजिनाची लांबी उरली पाहिजे. रिलेला बदलायला पाच-दहा मिलिसेकंद लागतात. तेवढ्या वेळात गाडी कुठे जात नाही, पण पॉइंटच्या संथ मोटरला काही सेकंद लागतात. अंतर त्या हिशेबाने ठेवा.

डीसीसीसाठी सेन्सर कुठे बसवायचे?

लूपच्या आत, दोन्ही टोकांजवळ एकेक. त्यांना पूर्व आणि पश्चिम म्हणू. नियम एकच: पूर्वेचा सेन्सर लागला की पॉइंट आणि लूपची फेज (डीसीसीत पोलॅरिटीला हेच म्हणतात) दोन्ही पूर्वेच्या टोकाला जुळवायची. पश्चिमेचा लागला की पश्चिमेला.

आता गाडी पूर्वेकडून शिरली असं समजा. पॉइंट पूर्वेलाच आहे, पूर्वेचा सेन्सर लागतो, काहीच बदलत नाही. गाडी फिरून पश्चिमेच्या सेन्सरवर येते, फेज आणि पॉइंट पश्चिमेला वळतात, गाडी बाहेर. पुढची गाडी आपोआप पश्चिमेकडून शिरेल आणि पूर्वेकडून निघेल. गाडी येतेय की जातेय हे ओळखायला वेगळी अक्कल लावावी लागत नाही, म्हणून ही रचना मला सगळ्यांत आवडते.

अट एक. सेन्सर इंजिनाच्या चुंबकावर चालणारे असतील तर प्रश्न नाही. पण कोणताही डबा बघून लागणारे असतील तर दोन सेन्सरमधलं अंतर गाडीपेक्षा जास्त हवं. नाहीतर इंजिन पश्चिमेला पोचलं आणि गार्डचा डबा अजून पूर्वेच्या सेन्सरवर आहे, अशी खेचाखेची होऊन रिले टकटकत बसतो.

सेन्सर कोणता घ्यावा?

एकच इंजिन आणि डीसी असेल तर रीड स्विच. इंजिनाखाली छोटं निओडिमियम चुंबक चिकटवायचं. ऊन, धूळ, ट्यूबलाइट, कशाचाच परिणाम नाही. पाय वाकवताना काचेलगत पक्कडीने धरा, नाहीतर काच तडकते आणि तो तडा दिसतही नाही.

बरीच इंजिनं असतील तर इन्फ्रारेड. टीसीआरटी ५००० स्लीपरमध्ये बसतो आणि वरून जाणाऱ्या गाडीचं परावर्तन बघतो. पण डब्यांची पोटं काळी असतात, काळ्यावरून पुरेसं परावर्तन येत नाही. पोटाला पांढऱ्या कागदाची पट्टी किंवा व्हाइटनरचा एक फटकारा मारा. खिडकीतून ऊन येत असेल तर याचा नाद सोडा.

किरण आडवा तोडणारी जोडी अधिक भरवशाची. ती रुळाला काटकोनात न लावता तिरपी लावा, म्हणजे दोन डब्यांमधल्या फटीतून किरण आरपार जात नाही. इथे कुणीतरी हमखास टीएसओपी १७३८ सुचवतो, कारण तो रिमोटच्या प्रयोगातून घरात पडलेला असतो. तो रिमोटच्या तुटक संदेशांसाठी बनवलेला आहे. अखंड ३८ किलोहर्ट्झ दिलं तर तो थोड्या वेळाने त्याकडे दुर्लक्ष करू लागतो. साधा फोटोट्रान्झिस्टर आणि एलएम३९३ कंपॅरेटर बरा.

बाजारातले तयार आयआर मॉड्यूल ५ व्होल्टवर चालतात. मग ५५५ सुद्धा ५ व्होल्टवर चालवा, पण तेव्हा त्याच्या पिन ३ वर जेमतेम साडेतीन व्होल्ट येतात आणि रिले ओढला जात नाही. मध्ये बीसी ५४७ ट्रान्झिस्टर किंवा यूएलएन २००३ ड्रायव्हर घाला.

सेन्सरच्या तारा डीसीसीच्या बसशेजारून लांबवर नेऊ नका. नेणं भागच असेल तर जुन्या लॅन केबलमधली पिळलेली जोडी वापरा.

बाजारातली रिव्हर्स लूपची तयार मॉड्यूल तर शॉर्ट ओळखून फेज बदलतात. तसं घरी करता येईल?

येईल, पण ते मुख्य साधन न ठेवता राखीव ठेवावं.

तत्त्व सोपं आहे. लूपच्या फीडमध्ये प्रवाह मोजायचा, तो अचानक वाढला की फेज उलटवायची. एसीएस७१२ या प्रवाह मोजणाऱ्या सेन्सरचा पाच अँपिअरचा प्रकार प्रत्येक अँपिअरला १८५ मिलिव्होल्ट देतो आणि प्रवाह नसताना २.५ व्होल्टवर उभा असतो. डीसीसीचा प्रवाह सतत दिशा बदलतो. ‘एक’ या बिटचा अर्धा भाग फक्त ५८ मायक्रोसेकंदांचा आहे. म्हणून २.५ पासूनचा फरक कोणत्याही बाजूला असला तरी मोजावा लागतो, आणि एका मोजणीवर विश्वास न ठेवता तीन-चार सलग घ्याव्या लागतात. अर्डुइनो उनोला एक मोजणी घ्यायला साधारण शंभर मायक्रोसेकंद लागतात, तेव्हा वेळेची अडचण तिथे नाही. अडचण रिलेत आहे. त्याचे पाच-दहा मिलिसेकंद होईस्तोवर काही कमांड स्टेशनं (डीसीसीचे मुख्य कंट्रोलर) पुरवठा तोडून मोकळी होतात.

यावर जुना तोडगा म्हणजे लूपच्या फीडमध्ये गाडीच्या ब्रेक लाइटचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब. शॉर्ट झाला की तो पेटतो आणि प्रवाह पावणेदोन अँपिअरच्या आसपास अडवतो. पण थंड फिलामेंटचा रोध गरम असतानाच्या दहाव्या हिश्श्याइतकाच असतो, त्यामुळे पहिला झटका जातोच. शिवाय प्रत्येक फेरीला चाक आणि रूळ यांच्यात ठिणगी. महिनोन्‌महिने ते चाललं की चाकांवर काळे खळगे पडतात. सेन्सर आधीच फेज जुळवून ठेवत असेल तर ठिणगी पडायचं कारणच उरत नाही. शॉर्ट-ओळख फक्त सेन्सर चुकला तर कामाला यावी.

कमांड स्टेशनसुद्धा घरी बनवलेलं, अर्डुइनोवर चालणाऱ्या डीसीसी-ईएक्सचं असेल, तर आधी त्याचं सॉफ्टवेअर बघा. अलीकडच्या आवृत्त्यांत मोटर शील्डचा एक चॅनल आपोआप फेज उलटवणारा म्हणून नेमता येतो. लूप त्या चॅनलवर टाका, वेगळं सर्किट नको.

५५५ ऐवजी अर्डुइनो घेतला तर?

जरूर घ्या, पण एका लूपसाठी तो जास्तच होतो. दोन-तीन लूप, सिग्नल, स्टेशनात थांबा, असं सगळं असेल तर त्याची किंमत वसूल होते.

सेन्सरची पिन आतल्या पुल-अपवर ठेवा. सेन्सर मोकळा झाला असं लगेच मानू नका. सलग दोन सेकंद मोकळा दिसला तरच गाडी गेली असं समजा, म्हणजे फटींनी फसगत होत नाही. प्रोग्रॅममध्ये ‘डिले’ वापरून थांबलात तर त्या काळात दुसरा सेन्सर बघितलाच जात नाही. ‘मिलिस’ने वेळ मोजा. आणि रिलेची कॉइल थेट पिनवर जोडू नका, वीस मिलिअँपिअरच्या पुढे पिनला त्रास होतो.

दुहेरी रिले मिळाला नाही. एकेरी रिलेची दोन मॉड्यूल एकत्र चालतील?

चालतील, आणि लोक घाबरतात तसा त्यातून शॉर्टही होत नाही. एका रुळाला एक रिले, दुसऱ्याला दुसरा, टोकं तिरपी जोडलेली. एक आधी बदलला आणि दुसरा नंतर, तर मधल्या क्षणी दोन्ही रूळ एकाच तारेवर असतात आणि गाडीला फक्त वीज मिळत नाही. पुरवठ्याची दोन टोकं एकमेकांना भिडत नाहीत. त्या क्षणी कापावर चाक नसलं म्हणजे झालं.

गुरुवारी वीज गेली आणि आली, की पहिल्याच फेरीत शॉर्ट होतो. का?

वीज गेली की ५५५ ची आठवण पुसली जाते. वीज आल्यावर तो कोणत्या अवस्थेत उठेल याची खात्री नसते, गाडी मात्र होती तिथेच उभी आहे. पिन ४ वरून ग्राउंडला एक मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावलात तर तो निदान दर वेळी एकाच अवस्थेत उठतो, आणि तुम्ही खेळ संपवताना गाडी त्या अवस्थेला जुळणाऱ्या जागी उभी करू शकता. पक्कं काम हवं असेल तर दोन कॉइलचा चुंबकीय लॅचिंग रिले घ्या. तो वीज गेली तरी होता त्या बाजूलाच राहतो आणि मग ५५५ सुद्धा लागत नाही, दोन रीड स्विच थेट दोन कॉइलना.

सगळं बरोबर आहे, पण बाहेर पडताना पॉइंटवरच शॉर्ट होतो.

पॉइंट इलेक्ट्रोफ्रॉग आहे का बघा, म्हणजे त्याचा फ्रॉग (दोन रूळ एकमेकांना छेदतात तो तुकडा) वीज वाहणारा आहे का. त्याच्या फ्रॉगची पोलॅरिटी पात्यांच्या स्थितीवरून ठरते. पॉइंट विरुद्ध बाजूला असताना गाडी मागून पाती ढकलत निघाली तर चाक चुकीच्या पोलॅरिटीच्या फ्रॉगवर चढतं. दोष लूपच्या सर्किटचा वाटतो, तो नसतो. पॉइंट वेळेवर हलवा, किंवा पाती ढकलतच जायचं असेल तर तिथे प्लास्टिकच्या फ्रॉगचा इन्सुलफ्रॉग वापरा. पेकोच्या पॉइंटमधली स्प्रिंगही त्यासाठी काढावी लागते, हलके डबे तिला ढकलू शकत नाहीत.

चालू करण्याआधी तपासायचं कसं?

सगळे डबे उचला. लूपचे आणि मुख्य मार्गाचे फीड सोडवा. मीटर बझरवर ठेवून चारही कापांच्या दोन्ही बाजू तपासा, एकही वाजता कामा नये. मग फीड जोडा, वीज चालू करा, आणि एकाच रुळाच्या कापाच्या दोन बाजूंना मीटर लावा. शून्य आलं तर ते टोक जुळलेलं आहे, पूर्ण व्होल्टेज आलं तर उलटं आहे. डीसीसीसाठी मीटर एसीवर ठेवा. आता हाताने सेन्सर लावा आणि आकडे अदलाबदल होतात का बघा. एक टोक जुळलेलं असताना दुसरं उलटंच दिसणार, ते बघून घाबरू नका, लूप म्हणजे तेच. मीटर नसेल तर १२ व्होल्टचा बल्ब कापावर धरा. विझलेला म्हणजे जुळलेलं.

पुण्यात सामान कुठे मिळेल?

आयसी, रिले, सेन्सर, अर्डुइनो: बुधवार पेठ, पासोड्या विठोबाच्या आसपास. तारा, स्विच, कनेक्टर: तापकीर गल्ली. २१ वॅटचा बल्ब: नाना पेठेत, गाड्यांच्या सुट्या भागांच्या कुठल्याही दुकानात. तिथे ‘रेल्वेसाठी हवाय’ असं सांगू नका, कोणत्या गाडीचा तेवढं सांगा. जुन्या बाजारात जुने ईपीएबीएक्स (ऑफिसातल्या टेलिफोन एक्सचेंजचे) बोर्ड दिसले तर उचला, त्यांच्यावर छोटे दुहेरी रिले ओळीने बसवलेले असतात. एचओच्या एका गाडीला ते पुरतात. यादी लिहून न्या आणि दुपारी एक ते चारच्या मध्ये जाऊ नका, कारण सांगायला नको.

मार्क्लिनचा तीन रुळांचा सेट आहे. हे सगळं करावं लागेल?

नाही. दोन्ही बाहेरचे रूळ एकाच टोकाचे आणि मधले टोचे दुसऱ्या टोकाचे. हवे तेवढे लूप टाका.

एचओहून लहान असलेल्या एन स्केलसाठी वेगळं काही?

सर्किट तेच. रीडसाठी चुंबक बसवायला जागा कमी, म्हणून किरण तोडणारी जोडी घ्या.

एवढं करण्यापेक्षा तयार मॉड्यूल घ्यावं का?

डीसीसी आहे, गाड्या बऱ्याच आहेत आणि सोल्डरिंग गनचा कंटाळा आहे, तर घ्या. त्यातली बरीचशी इलेक्ट्रॉनिक स्विचने फेज बदलतात, रिलेपेक्षा कितीतरी लवकर. डीसीवाल्यांना मात्र ते उपयोगाचं नाही, कारण ते लूप उलटवतं आणि तुम्हाला मुख्य मार्ग उलटवायचा आहे. दुकानदार ‘दोन्हीला चालतं’ म्हणाला तर आधी त्याला तेवढं विचारा.